गिलिंगची जमीन

प्रिय विद्या,

नानाकाका गेल्याचं तुला आईकडून कळलंच असेल. आता आईला ती वादातली परसबाग शाळेला द्यायची आहे आणि पाटीवर बाबांचं आणि नानाकाकांचं, दोघांचंही नाव हवंय. दादा भडकलाय. ‘ज्यानं बाबांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या त्याचं नाव मी असेपर्यंत लागणार नाही,’ म्हणतो. मी इथं लीड्समध्ये बसून काय करू?

मला सारखी एअनफ्लॅड आठवतेय. आपली एअनफ्लॅड, सातव्या शतकातल्या उत्तर इंग्लंडच्या, म्हणजे नॉर्दम्ब्रियाच्या, ऑस्विऊ राजाची राणी. (तू पेपरात ऑस्विनच्या हातून ऑस्विऊचा खून पाडला होतास! सर दोन दिवस हसत होते.) एडविनची ही लेक. बाप 633 मध्ये लढाईत पडला तेव्हा आई तिला घेऊन समुद्रमार्गे केंटला, माहेरी पळाली. हा एडविन ऑस्विऊच्या भावाचा, ऑस्वाल्डचा, सख्खा मामा. आणि त्याच्याच राजवटीत या भावांना परागंदा व्हावं लागलं होतं. पुढं ऑस्विऊनं त्याच एडविनची मुलगी केली.

आणि 651 मध्ये त्यानं ऑस्विनला मारवलं. ऑस्विन डेइराचा, म्हणजे नॉर्दम्ब्रियाच्या दक्षिण भागाचा राजा, एअनफ्लॅडच्या बापाच्या चुलतभावाचा मुलगा. आपलं सैन्य तोकडं म्हणून त्यानं लढाई न करताच माणसं आपापल्या घरी पाठवली आणि टोंडहेअर नावाच्या एका शिपायाला घेऊन हुनवाल्डच्या घरी लपला. हुनवाल्डनंच त्याला धरून दिलं. ऑस्विऊच्या कारभाऱ्यानं 20 ऑगस्टला गिलिंगला दोघांनाही कापलं.

एअनफ्लॅडनं मग नवऱ्याकडे तीच गिलिंगची जमीन मठासाठी मागितली. मठाधिपती कोण? ट्रमहेअर, मेलेल्या राजाचाच नातेवाईक. आणि बीड नावाचा त्या काळचा इतिहासकार संन्यासी लिहितो, तिथं रोज प्रार्थना व्हायची ती दोघांच्या आत्म्यांसाठी, मारलेल्याच्याही आणि मारणाऱ्याच्याही. मी इथवर येते आणि अडकते गं. दोघांच्याही?

तू म्हणायचीस ती सोयरिकीतलं प्यादं. मी आजही भांडायला तयार आहे. राजा आयर्लंडच्या रीतीनं ईस्टरची मेजवानी झोडत असायचा तेव्हा राणी रोमच्या हिशेबानं अजून उपास धरून असायची. एका घरात! त्याचा निकाल लावायला 664 मध्ये व्हिट्बीला सभा भरली आणि राजानं कौल दिला तो तिच्या बाजूनं. प्यादं असं असतं?

सोयरिकीही काय एकेक. ऑस्विऊनं शेजारच्या मर्सियाच्या राजाशी, पेंडाशी, साटंलोटं केलं, त्याची मुलगी आपल्या मुलाला, आपली त्याच्या मुलाला. आणि 655 मध्ये त्याच व्याह्याला लढाईत संपवलं. एअनफ्लॅडचा एक्गफ्रिथ तेव्हा पेंडाच्या राणीकडे ओलीस होता. विजयाचा नवस म्हणून बापानं जेमतेम वर्षाची मुलगी एल्फ्लॅड मठाला वाहिली.

व्हिट्बीला जाऊन आले. तिथल्याच मठात ही सगळी पुरली: एडविन, ऑस्विऊ, एअनफ्लॅड, एल्फ्लॅड. वर गवत आणि भन्नाट वारा. मी आईला फोन लावला आणि वाऱ्यात काही ऐकू येईना.

आई क्षमा वगैरे शब्द काढतच नाही. नुसतं म्हणते, ‘जमीन दोघांची होती.’ मला ते पटतं, आणि बाबांचा शेवटच्या दिवसांतला चेहरा आठवला की पटत नाही.

माझी तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. नागपूरची बदली टळली का? चिनूला बारावीसाठी आशीर्वाद.

दादा तुझं ऐकतो. रविवारी आईकडे जा, आणि तो असताना जा.

तुझी,
मंदा