सीएसआरमधून खोटी पावती वजा होत नाही

संपादक महोदय,

खाणींचा विषय निघाला की गोव्यात लगेच ताळेबंद मांडला जातो. एका बाजूला रोजगार आणि महसूल, दुसऱ्या बाजूला डिचोली-सांग्यातली धूळ आणि गाळाने भरलेली शेते. खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. तरी चर्चा किती बुडाले आणि किती मिळाले यापलीकडे फारशी सरकली नाही.

कर्तव्यवादी नीतिशास्त्राचा, म्हणजे परिणामांऐवजी कर्तव्यावरून कृती जोखणाऱ्या विचाराचा, प्रश्न या हिशेबाच्या आधीचा आहे. आपण ज्या नियमाने वागतो तोच सर्वांनी पाळला तर चालेल का, ही जर्मन तत्त्वज्ञ कान्टची १७८५ मधली कसोटी. संचालक मंडळाने ठरावामागचा खरा नियम एका वाक्यात लिहावा : काय करणार, कोणत्या परिस्थितीत, कशासाठी. उदाहरणार्थ, 'परवान्यापेक्षा जास्त खनिज निघाले तर स्वामित्वधन (सरकारला द्यायची रॉयल्टी) वाचवण्यासाठी वजनकाट्याच्या पावतीवर वजन कमी दाखवावे.' सगळ्यांनीच हे केले तर पावतीवर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि खोटी पावतीही निरुपयोगी होईल. गफलत होते ती वाक्य लिहितानाच. 'कंपनीच्या हिताचा निर्णय घ्यावा' इतके गुळगुळीत लिहिले की काहीही खपते. 'याच खाणीत, याच मोसमात, एकदाच' असे नको तितके बारीक केले तरी तेच.

दुसरी कसोटी झळ बसणाऱ्यांची. त्यांना सगळे उघड सांगितले असते तर त्यांनी होकार दिला असता का? फोक्सवॅगनने चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर सुमारे १.१ कोटी गाड्यांत बसवले होते. ते सांगून गाडी विकता आली असती का, एवढे विचारले तरी पुरे.

राहिला सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायला लावते. कान्टच्या हिशेबी मदत हे अपूर्ण कर्तव्य. कुणाला, किती, याची मोकळीक असते. न फसवणे हे पूर्ण कर्तव्य, त्यात सूट नाही. शाळेला बाक दिले म्हणून पावतीतले टन भरून निघत नाहीत.

शिवाय 'कंपनीने केले' म्हणून भागत नाही. कलम १६६ कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाच्या हिताचे कर्तव्य थेट संचालकांवर टाकते. दंड मात्र एक ते पाच लाख; मोठ्या कंपनीच्या संचालकाला तो किरकोळच. स्वतंत्र संचालकाला (कंपनीशी हितसंबंध नसलेल्या संचालकाला) ठराव खटकला आणि बैठकीत शंका मिटली नाही, तर ती इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह त्याने धरावा, असे याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात म्हटले आहे. त्या दिवशी आजारपणाची रजा टाकणे हा विरोध नव्हे.

— एक वाचक, डिचोली