ग्रिंचला भूतकाळ कशासाठी?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील नाताळच्या कौटुंबिक चित्रपटांवरील लेखात रॉन हॉवर्ड दिग्दर्शित, २००० सालच्या ‘ग्रिंच’ला मूळ पुस्तकाशी प्रामाणिक असल्याचे प्रशस्तिपत्र दिले आहे, ते पटले नाही. अमेरिकी बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांच्या १९५७ सालच्या पुस्तकात ग्रिंच या खडूस प्राण्याला नाताळचा तिरस्कार का वाटतो, याचे निश्चित कारण दिलेलेच नाही. दोन-तीन मिश्कील तर्क करून लेखक पुढे सरकतो. चित्रपटाने मात्र पावणेदोन तासांची लांबी भरण्यासाठी त्याला शाळेतील अपमानाचा इतिहास जोडला आणि कथेतील हूव्हिल या गावाच्या रहिवाशांनाच खरेदीच्या हव्यासात बुडवले. पुस्तकात ग्रिंचने नाताळच्या भेटवस्तू चोरल्यावरही हे गावकरी गातात आणि त्यांच्या त्या निर्हेतुक आनंदानेच ग्रिंच चकित होतो. चित्रपटात आधी गावालाच सुधारावे लागते, त्यामुळे तो धक्का बोथट होतो. जिम कॅरी यांच्या अभिनयाचे आणि ऑस्करविजेत्या रंगभूषेचे कौतुक रास्तच आहे (माझी नात तर तेवढ्यासाठीच तो पुन्हा पुन्हा पाहते), परंतु १९६६ सालचा जेमतेम अर्ध्या तासाचा अ‍ॅनिमेशनपट पुस्तकाच्या अधिक जवळ आहे, याचा उल्लेख लेखात हवा होता.

– एक वाचक, डोंबिवली