मनू, तुझ्या आईचं पुस्तक येतंय

मनू बाळा,

फोनवर गडबडीत सांगितलं तुला, पण नीट लिहून पाठवावं वाटलं म्हणून लिहायले. पुस्तकाचा करार झाला, गोष्ट पण माझी आणि चित्रं पण माझीच. आता हे माझं काम आहे, टाइमपास नाही. सकाळचा स्वयंपाक उरकला की दुपारपर्यंत मी टेबलावर असते आणि घरात सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय.

लहान लेकरांचं चित्रपुस्तक बहुतेक 32 पानांचं असतं, काहून तर छापखान्यात मोठा कागद दुमडून 16 पानांचा एक फर्मा निघतो, तसे दोन फर्मे. त्यात नावाची न् माहितीची पानं गेली की गोष्टीला 14 जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या दोन-दोन पानांच्या जोड्या, हाती राहतात, म्हणून मी साधे कागद दुमडून, मधे टाके घालून छोटी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, केली आणि सगळी गोष्ट त्यात बसवली. सगळ्यात जास्त मजा कशात आली सांगू, शब्द कापण्यात! आधी लिहिलं होतं, आजी लाल लुगडं नेसून आगटीपाशी हुरडा चोळत बसली होती. पण लुगडं चित्रात दिसतंय, आगटी दिसतीये, हुरड्याचा हिरवा दाणा पण दिसतोय. मग पानावर "आजी म्हणाली, ये" एवढंच ठेवलं. मोठं माणूस तेवढं वाचतं आणि लेकरू बाकीचं बोट ठेवून शोधत बसतं.

अजिंठ्याची 17 नंबरची लेणी आठवती का तुला? विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मातल्या राजपुत्राची गोष्ट आहे तिथं, एकाच भिंतीवर तोच राजपुत्र परत परत दिसतो आणि गोष्ट पुढं सरकत जाती. पाचव्या शतकातलं काम आहे गं ते, तेही आपल्याच मराठवाड्यातलं. मी तीच रीत घेतली. करडू दावं तोडून पळतं त्या जोडपानावर गोष्टीतली पोरगी, चिंगी, पाच वेळा आहे, बांधावर, तुरीत, बाभळीखाली, विहिरीपाशी आणि शेवटी पालथी पडलेली. फक्त मधल्या घडीत तिचं तोंड येऊ दिलं नाही, शिलाईत गेलं की दिसतच नाही. आणि माती... तिला काळा रंग लावलाच नाही, तपकिरी बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन मिसळून केली, रब्बीत भेगा पडतात ना तशा भेगांसकट. सेलू-मानवतकडच्या लेकरानं ते पान बघून ही आपली रानं म्हणावं, मला दुसरं काही नको.

करारात मूळ चित्रं माझ्याकडंच राहतील असं लिहून घेतलंय. कॉपीराइट माझाच, आणि कायद्यानं तो माझ्यानंतर 60 वर्षं वारसांकडं राहतो, म्हणजे तुझ्याकडं. म्हणून तू पण एकदा सगळी कलमं वाच, फोटो पाठवलेत व्हॉट्सॲपवर.

आणि पुण्याहून येताना वॉटरकलरचा कागद आण बाई, 300 जीएसएमचा जाड, कोल्ड प्रेस म्हणजे खरबरीतच बघून घे, गुळगुळीत नको. दुसऱ्या गोष्टीची डमी सुरू केलीये.

तुझी,
आई