माफीआधी दप्तर उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुलामगिरीतून झालेल्या कमाईबद्दल एखादी पाश्चात्त्य कंपनी माफी मागते, तेव्हा चर्चा माफीच्या शब्दांची होते. तिने जुनी दप्तरं किती उघडली आणि कुणामुळे उघडली, हे कुणी फारसं विचारत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

जेपी मॉर्गन चेस या अमेरिकी बँकेचं पाहा. लुइझियानातल्या सिटिझन्स बँक आणि कॅनाल बँक या तिच्या पूर्वीच्या दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० गुलाम माणसं कर्जाला तारण म्हणून घेतली होती. मळेवाल्यांची कर्जं थकली, तेव्हा त्यांतली सुमारे १,२५० माणसं बँकांच्याच मालकीची झाली. मी उभी नोकरी बँकेत तारणाची कागदपत्रं तपासण्यात काढली. जमीन, घर, सोनं लिहायच्या रकान्यात बायका-मुलांची नावं असतील, या विचारानेच अंगावर काटा येतो. जानेवारी २००५ मध्ये बँकेने हे जाहीर केलं, माफी मागितली आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ५० लाख डॉलर ठेवले. पण हा शोध तिने आपणहून घेतला नव्हता. शिकागो महापालिकेने २००२ मध्ये नियम केला होता की, पालिकेचं काम हवं असेल तर गुलामगिरीशी असलेले जुने संबंध शोधून लेखी सांगा.

गुलामवाहू जहाजांचे विमे उतरवणाऱ्या लंडनच्या लॉइड्सने माफी मागितली ती २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाकडून हत्या झाल्यानंतर जगभर निदर्शनं झाल्यावर. तरी पुढे त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांना आपली कागदपत्रं पाहू दिली, हे मी मोलाचं मानतो.

ब्रिटिश सरकारने गुलामगिरी बंद करताना २ कोटी पौंडांची भरपाई दिली, तीही मालकांना. गुलामांना दमडी मिळाली नाही. मॉरिशसच्या मळेवाल्यांना त्यातले २० लाखांहून अधिक मिळाले. पुढे त्याच उसाच्या मळ्यांवर राबायला जे मजूर नेले, त्यांत रत्नागिरीकडचे आपले लोकही होते. या भरपाईच्या नोंदी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यांत संस्थापकाचं नाव निघालं म्हणून ग्रीन किंग या बिअर कंपनीला २०२० मध्ये माफी मागावी लागली.

म्हणून सरकारी कंत्राट देणाऱ्या प्रत्येक शहराने शिकागोसारखी अट घालावी. आणि निधीचा आकडा जाहीर करण्याआधी कंपन्यांनी तारणाच्या आणि विम्याच्या यादीतली नावं प्रसिद्ध करावीत, म्हणजे वंशजांना आपली माणसं शोधता येतील.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे