कर्जखात्यांचे आकडे सुखरूप पोहोचवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेच्या कर्जखात्यांचा सगळा डेटा ओरॅकल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आला आणि पै न् पै जुळली. फोनवर आभार मानून झाले आहेत. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण हेच काम हाती घेतलेल्या इतरांपर्यंत तुमची पद्धत पोहोचायला हवी असं मनापासून वाटतं.

आमच्या जुन्या टेबलांत सगळीकडे ‘नंबर’ हाच डेटाचा प्रकार होता. खाते क्रमांक नंबर, व्याजदर नंबर, दिवस नंबर, हो-नाहीचा फ्लॅगसुद्धा नंबर. ओरॅकलमध्ये ते खपून जातं. पोस्टग्रेसमध्ये मात्र स्मॉलइंट, इंटिजर, बिगइंट (लहान ते मोठे पूर्णांक), न्यूमरिक (अचूक दशांश), डबल प्रिसिजन म्हणजेच डबल (अंदाजे दशांश) यांतून निवडावं लागतं. मायग्रेशनची टूल्स ही निवड आपापल्या सेटिंगप्रमाणे करून देतात. तुम्ही ती यादी जशीच्या तशी घेऊ दिली नाहीत. प्रत्येक कॉलमपाशी थांबून विचारलंत, “यावर कोणी गणित करतं का? करत असेल तर कुठलं?”

दिवसांच्या कॉलमचं उदाहरण तर मी आता प्रत्येक नवीन मुलाला दाखवतो. 50,000 रुपये, 12 टक्के, 90 दिवस. व्याज 1,479.45 यायला हवं. जुन्या प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमधल्या हिशोबाच्या कोडमध्ये) आधी दिवस भागिले 365 आणि मग बाकीचा गुणाकार होता. ओरॅकलमध्ये 90 भागिले 365 म्हणजे 0.2465 आणि पुढचे अंक. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही बाजू पूर्णांक असल्या की उत्तर थेट 0, म्हणजे व्याजही 0. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. चार अंकी कॉलम स्मॉलइंटमध्ये अगदी नीट बसतो, म्हणून शंकाही येत नाही. तुम्ही कॉलम स्मॉलइंटच ठेवायला सांगितलंत आणि भागाकारापाशी न्यूमरिकमध्ये कास्ट (रूपांतर) करून घेतलंत.

रकमांच्या बाबतीत तुम्ही तसूभरही हलला नाहीत: पैसा म्हणजे न्यूमरिक, डबल नाहीच. डबलमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज बरोब्बर 0.3 होत नाही, हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण राउंडिंगचा फरक तुम्ही स्क्रीनवर करून दाखवलात. 2.5 न्यूमरिक असेल तर राउंड केल्यावर 3, तोच डबल असेल तर 2. हजारो खात्यांच्या व्याजात असा फरक साचला तर ऑडिटरसमोर काय उत्तर देणार होतो?

खाते क्रमांकांचं कारण वेगळं. 16 अंकी क्रमांक डबलमध्ये गेला तर 9007199254740993 चा 9007199254740992 होतो, म्हणजे दुसऱ्याचं खातं. बिगइंटमध्ये 18 अंकांपर्यंत कुठलाही क्रमांक बिनधास्त राहतो. शिवाय प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख ठरवणारा कॉलम) बिगइंट आणि तिच्याकडे बोट दाखवणारा कॉलम न्यूमरिक, असं कुठेही होऊ दिलं नाहीत. तुलना करताना बिगइंटचं न्यूमरिक होतं आणि बिगइंट कॉलमवरचा इंडेक्स (पटकन शोधण्याची सूची) वापरला जात नाही.

ज्या नंबरला अंकांची मर्यादाच दिलेली नव्हती, ते खरे कठीण होते. व्याख्या काहीच सांगत नव्हती, म्हणून तुम्ही डेटालाच विचारायला लावलंत: कॉलमची किंमत तिच्याच ट्रंकपेक्षा (दशांश भाग कापलेल्या किमतीपेक्षा) वेगळी असलेल्या ओळी काढा. एकही निघाली नाही तर कमाल-किमान बघून बिगइंट, निघाल्या तर न्यूमरिक. ही साधी क्वेरी, पण कितीतरी वाद तिने जागच्या जागी मिटवले. शेवटी दोन्हीकडे वर्षवार बेरजा काढून ताळा घेईपर्यंत तुम्ही जुना सर्व्हर बंद करू दिला नाहीत. उशीर होतोय म्हणून वरून कुरबुर झाली, तेव्हाही आमच्या बाजूने तुम्हीच बोललात. त्याबद्दलचे आभार वेगळे मानायला हवेत.

तुमची ती कॉलमनिहाय शीट आता पुढच्या कामाला घेतली आहे. या वेळी मूळ डेटा मायएसक्यूएलमध्ये आहे आणि काही कॉलम अनसाइन्ड बिगइंट (ऋण संख्या नसलेले, म्हणून कमाल मर्यादा दुप्पट) आहेत. ते पोस्टग्रेसच्या बिगइंटमध्ये पूर्ण मावणार नाहीत, म्हणून सध्या 20 अंकी न्यूमरिक लिहून ठेवलंय. शीट पाठवतो, सवडीने एकदा नजर टाकाल का?

आपला,
मायग्रेशन टीममधला एक सहकारी