स्लॅब तापतो तो का?

महोदय,

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री घरात ओकतो. जुन्या धाब्यांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, लाकडी सरांवर (तुळयांवर) फळ्या आणि वर जाड पांढरी माती असे. उष्णता खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होई. अर्थात, दरवर्षी पावसाआधी माती टाकायची कटकट आज कोण करणार? पण स्लॅबवर तीन-चार इंच वीटतुकड्यांचा कोबा (सिमेंटमध्ये बसवलेला थर), दर दहा फुटांना सव्वा इंच उतार आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स, एवढे तरी करावे. नुसता चुना मारायचा तर स्लॅब आधी घासून ओला करा. धुळीवरच्या चुन्याचे पापुद्रे पहिल्याच पावसात निघतात. पश्चिमेला मोठ्या काचा लावण्याची हौस मात्र नगरपालिकांनी नकाशा मंजुरीतच रोखावी.

– एक स्थापत्य अभियंता, जळगाव