केमोची तारीख चुकू नये म्हणून मदत हवीय

मंडळी नमस्कार, आपल्या रुग्णमदत गटाकडून, ओव्हरीचा (अंडाशयाचा) कॅन्सर झालेल्या मुलींच्या केमोसाठी लिहितोय, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

दहा-बारा वर्षांच्या पोरींना पण ओव्हरीचा कॅन्सर होतो हे पटकन खरं वाटत नाही, आम्हालाही वाटलं नव्हतं. तसा क्वचितच होतो, आणि या वयात ओव्हरीवर सापडणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, त्यामुळे सोनोग्राफीत गाठ दिसली की लगेच हातपाय गाळू नका. पण कॅन्सरची निघाली तर ती बहुतेक वेळा जर्म सेल ट्यूमर असते, म्हणजे ज्या पेशींपासून पुढे बीजांडं बनतात त्यांच्यातून आलेली, मोठ्या बायकांना होतो त्याहून वेगळी जात, आणि वाढते भराभर. पोट फुगतं, दुखतं, घरचे म्हणतात गॅसेस असतील नाहीतर पाळी यायची असेल. मग एखाद्या रात्री ओव्हरीला पीळ पडतो, असह्य दुखतं, उलट्या, आणि धावपळ.

अजून एक मुद्दाम सांगतोय. यातल्या काही गाठी बीटा एचसीजी नावाचं हार्मोन बनवतात आणि गरोदरपणाच्या टेस्टमध्ये तेच बघतात, म्हणजे पोरीची टेस्ट नुसत्या गाठीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. तिच्यावर ओरडायच्या आधी सोनोग्राफी करून घ्या हो.

लवकर सापडला तर ९० टक्क्यांहून जास्त मुली बऱ्या होतात. बऱ्याचदा एकाच बाजूची ओव्हरी काढतात, दुसरी आणि गर्भाशय राहतं, पुढे पाळी येते, मूलही होऊ शकतं, तेव्हा "हिचं पुढे कसं होणार" वाल्यांनी जरा दमानं घ्या.

खरी गोची केमोला. सहसा ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन ही औषधं, दर ३ आठवड्यांनी, ३-४ सायकल म्हणजे केमोच्या फेऱ्या. ऑपरेशनपर्यंत नातेवाईक धावतात, नंतर पांगतात, आणि तिसऱ्या सायकलला येण्याजाण्याला, राहायला, तपासण्यांना पैसेच उरत नाहीत, एएफपीची (यातल्या काही गाठी रक्तात सोडतात ते प्रोटीन) ब्लड टेस्ट तर पुन्हा पुन्हा लागते, शिवाय सिस्प्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं म्हणून कानाची तपासणी वेगळी. पैशासाठी सायकल पुढे ढकलली की तेवढी सवड उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना मिळते.

म्हणून हा फंड, फक्त ऑपरेशननंतरच्या खर्चासाठी. जमेल तेवढे द्या, एकदाच किंवा दर महिन्याला, रक्कम लहान म्हणून लाजू नका. खात्याची माहिती गटाच्या खजिनदारांकडून घ्या, पावती मिळेल, तपासणीचे पैसे आम्ही थेट हॉस्पिटलात भरतो. मुलीचं नाव आणि फोटो मात्र कुणालाच मिळणार नाही, मागूही नका.

पैसे नसतील तर रक्तगट कळवून ठेवा, केमोत प्लेटलेट्स कमी होतात, आणि काढलेल्या प्लेटलेट्स जेमतेम ५-७ दिवस टिकतात त्यामुळे साठवून भागत नाही, ऐनवेळी येणारा माणूस लागतो. गाडीवाले असाल तर सायकलच्या दिवशी ने-आण करा. आणि शाळा बुडते म्हणून फोनवर शिकवणारं कुणीतरी पाहिजेच. मागच्या वेळची पोर केस गेल्यामुळे कॅमेरा बंद ठेवायची, पण उत्तर बरोबर आलं की "पुढचं!" असं ओरडायची. गणित आणि सायन्सला सध्या कुणीच नाही, आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर आजच मेसेज टाका.